गुरुवारचा रोजाक

‘कोपी-सी-सिऊ-दाई’ एका दमात म्हणता येईपर्यंत मला सिंगापूरमध्ये आठ महिने झाले होते. तोवर बोटांवर काम भागवलं. पहिल्याच आठवड्यात आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, पेयांच्या गाळ्यावर गेले आणि शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत ‘एक कॉफी, दूध नको’ असं नीट सांगितलं. काळी, गोडमिट्ट कॉफी आली. दुसऱ्या दिवशी ‘साखर नको’ म्हटलं, तर गाळ्यावरच्या अंकलनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि मागे वळून काहीतरी चार अक्षरी ओरडले. जे आलं ते बरोबर होतं, पण ते चार अक्षरी काय होतं हे मला कळायला हवंच होतं.

आता सांगते. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कपाच्या तळाशी कंडेन्स्ड मिल्क. ‘कोपी-ओ’ म्हणजे दूध नाही, साखर आहे. ‘कोपी-सी’ म्हणजे डब्यातलं बिनगोडाचं आटीव दूध, वर साखर. ‘कोसोंग’ म्हणजे साखर शून्य. ‘सिऊ-दाई’ म्हणजे गोड जरा बेताने. ‘गाऊ’ कडक, ‘पो’ पातळ, ‘पेंग’ बर्फ घालून. यातलं ‘कोसोंग’ मलय, ‘ओ’ आणि ‘पेंग’ होक्किएन या चिनी बोलीतले, आणि गिऱ्हाईक बहुधा तिसऱ्याच भाषेचं. चहालाही हेच नियम, फक्त ‘कोपी’च्या जागी ‘तेह’. टी-बॅगचा चहा हवा असेल तर जुनी माणसं ‘मासे पकडणं’ अशा अर्थाचा शब्द वापरतात, कारण दोरा धरून पिशवी वरखाली करायची असते. मायलो या चॉकलेटी पेयाला ‘फुटबॉल मारणं’, कारण त्याच्या डब्यावर फुटबॉल खेळणारे असायचे. पांढऱ्या सोया दुधात काळी ग्रास जेली घातली की त्याचं नाव ‘मायकल जॅक्सन’. ज्याने हे ठेवलं त्याला माझा नमस्कार.

इराण्याकडे ‘पानी कम’ आणि टपरीवर ‘दो कटिंग’ म्हणत वाढलेल्या माणसाला यात अवघड काही नसावं. पण मला अवघड गेलं, कारण मी ते ‘परदेशी’ समजून शिकत होते.

कॉफीचीही एक गंमत आहे. इथली पारंपरिक कॉफी बहुतकरून रोबस्टा जातीची, आणि बिया भाजताना त्यात साखर आणि मार्गारिन घालतात. त्यामुळे तिला करपत आलेल्या साखरेचा वास असतो, पुरणासाठी गूळ चढवला आणि दाराची बेल वाजली की येतो तसा. गाळायला लांब कापडी पिशवी, तिला इथे सरळ ‘मोजा’च म्हणतात. अंकल एका हाताने लांब चोचीचं भांडं डोक्याइतकं वर नेतात आणि दुसऱ्या हातात मोजा धरून ओततात. घरी न्यायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंडाशी दोरीचा फास करून देतात, तो बोटात अडकवून लिफ्टने वर जायचं. डोंबिवलीत बाबांच्या दुकानात दुपारचा चहा असाच पिशवीतून यायचा. त्याला फास नव्हता, रबर होतं, आणि ते सोडवताना निम्मा चहा बाबांच्या पँटवर जायचा.

अशा कॉफीच्या दुकानाला ‘कोपीतिआम’ म्हणतात. ‘कोपी’ मलय, ‘तिआम’ म्हणजे होक्किएनमध्ये दुकान. त्यातली बरीचशी हैनान बेटावरून आलेल्या चिनी लोकांनी काढली. ते इतर चिन्यांच्या मानाने उशिरा आले, तोवर चांगले धंदे वाटले गेले होते. मग ब्रिटिशांच्या घरी आणि जहाजांवर आचारी म्हणून राबले, आणि तिथे शिकलेला टोस्ट आणि कॉफी घेऊन पुढे स्वतःची दुकानं थाटली. जुन्या कोपीतिआममध्ये गोल संगमरवरी टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दिसल्या की मला हटकून इराणी आठवतो. बनमस्क्याच्या जागी काया टोस्ट. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानचं वासाचं पान आटवून केलेला हिरवट जॅम, त्याच्यावर थंड लोण्याची जाडजूड चकती. टोस्ट झकास. सोबत अर्धवट उकडलेली दोन अंडी बशीत फोडून, वर काळा सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घालून देतात. ती मात्र मी आजवर तीनदा खाल्ली आणि तिन्ही वेळा पाहुण्यांसमोर शिष्टाचार म्हणून.

हॉकर सेंटर हे कोपीतिआमचं मोठं भावंड. पूर्वी इथे रस्त्यावर गाड्या लागायच्या. सत्तरच्या दशकापासून सरकारने नळ, गटार आणि छप्पर असलेली मंडईवजा सेंटरं बांधून त्या गाडीवाल्यांना आत बसवलं, 1986पर्यंत ते काम पुरं झालं. आता शंभरावर सेंटरं आहेत, आणि डिसेंबर 2020मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. वारसा वगैरे ठीक. आमच्या सेंटरमध्ये पंख्याखालची जागा मिळाली तर दिवस चांगला, एवढंच मला कळतं.

आणि मग आई आली.

आई मूळची मालवणकडची, लग्नानंतरची चाळीस वर्षं डोंबिवलीत. मासे खाते, म्हणजे माशांवर जगते म्हटलं तरी चालेल, पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी सोडून. बॅगेत कोकमं आणि कालनिर्णय घेऊन आली होती. कालनिर्णय माझ्या फ्रिजला लावून झाल्यावरच तिने चप्पल काढली.

पहिल्याच दिवशी सेंटरमध्ये तिने एका रिकाम्या टेबलावरचं टिश्यूचं पाकीट उचललं. ‘कोणाचं तरी राहिलंय गो, देऊन ये.’ इथे टेबल अडवायचं असेल तर असं पाकीट ठेवून जायचं, त्याला ‘चोप’ करणं म्हणतात. मी ते समजावायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं.’ आणि पाकीट होतं तिथे, होतं त्याच कोनात ठेवलं. जेवण झाल्यावर ट्रे आपण उचलून ठेवायचा असतो. सप्टेंबर 2021पासून तसा नियमच आहे, नाही ठेवला तर आधी समज देतात आणि मग दंड. ट्रे ठेवायच्या जागाही दोन असतात, हलाल वेगळी आणि बाकीची वेगळी. मला हे वर्षभर लक्षात राहत नव्हतं, पाटी वाचूनही चूक व्हायची. आईला पाटी वाचता येत नव्हती, पण ती एकदाही चुकली नाही. ‘भांडी वेगळी ठेवणारी माणसं दिसली की कळतं,’ एवढंच म्हणाली. आमच्याकडे गणपतीची पातेली माळ्यावर वेगळ्या गोणपाटात असतात.

त्या बुधवारी मी तिला लाक्सा खायला घातला. मनात धाकधूक होती. तांदळाच्या जाड शेवया, नारळाच्या दुधाचा केशरी रस्सा, त्यात कोळंबी, स्पंजासारखे तळलेले टोफूचे चौकोन आणि आपल्या तिसऱ्यांची चुलत भावंडं शोभतील असे शिंपले, अर्धेकच्चे. वर एका पाल्याची बारीक चिरलेली चिमूट. कातोंग भागातल्या पद्धतीने करतात तेव्हा शेवया तोडून घालतात, म्हणजे काड्या लागत नाहीत, नुसत्या चमच्याने खाता येतं. आईने चमचा बाजूला ठेवला आणि वाडगं नाकाजवळ नेलं.

‘सोडे घातलेत.’

घातले होते. सुकी कोळंबी वाटून रश्शाच्या मसाल्यात जाते. मी गेली कित्येक वर्षं लाक्सा खात होते. त्यातल्या त्या खोल, खारट, समुद्री चवीला मी मनातल्या मनात ‘आशियाई चव’ असं काहीतरी बावळट नाव दिलं होतं. सोड्यांच्या खिचडीवर वाढलेल्या मुलीने! त्या मसाल्याला इथे ‘रेंपाह’ म्हणतात. सुक्या मिरच्या, छोटे कांदे, हळद, गवती चहाचा कांद्याकडचा भाग, आल्याच्या जातीतलं गलांगल आणि कोळंबीचा आंबवलेला गोळा, हे सगळं पाट्यावर किंवा उखळात बारीक करून तेल सुटेपर्यंत परतायचं. मी हे आईला दोन मिनिटं सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘वाटण ना?’

हो. वाटण.

त्यानंतर तिला जे दिसेल ते ओळखायचा नादच लागला. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सोबत तिखट सांबाल, काकडी, दाणे आणि तळलेले चिमुकले सुके मासे. त्या माशांकडे बघून ‘मांदेलीची पोरं’ म्हणाली आणि दाण्यांबरोबर फस्त केली. भातात गाठ मारलेलं पांदानचं पान निघालं, ते हुंगून म्हणाली, ‘हे माझ्या माहेरी विहिरीजवळ होतं, भाताला वास यायला घालायचो.’ उसाचा रस तोच, फक्त लिंबाची चकती घालून, आणि ‘इथल्या चरकाला घुंगरू नाहीत’ ही तक्रार. बांडुंग हे गुलाबाचं सरबत दुधात घातलेलं गुलाबी पेय तिने एका घोटात नापास केलं, लग्नात पहिल्या पंगतीला संपावं म्हणून देतात तसलं, म्हणाली. हैनानी चिकन राइसवर तर मी भांडणालाच उभी राहिले. कोंबडी मंद आचेवर पाण्यात शिजवून बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्याने कातडी घट्ट आणि तुकतुकीत होते, आणि भात त्याच पाण्यात, कोंबडीच्या चरबीवर आलं-लसूण परतून शिजवतात. सगळा जीव त्या भातात आणि मिरचीच्या चटणीत आहे. तिने भात संपवला, चटणी परत मागितली, आणि कोंबडी माझ्या ताटलीत सारली. ‘आजाऱ्याची आहे.’ यावर आमचं अजून एकमत नाही.

गाजराच्या केकवर मात्र ती खूष होती, त्यात गाजरही नाही आणि केकही नाही म्हणून. तांदळाचं पीठ आणि मुळा यांची वाफवलेली वडी, तुकडे करून अंड्यात आणि खारवलेल्या मुळ्यात परततात. होक्किएनमध्ये गाजर म्हणजे ‘लाल मुळा’, त्या नादात इंग्रजीत मुळ्याचंच गाजर झालं. पांढरा हवा की काळा हे सांगायचं, काळ्यात गोडसर सोया सॉस असतो. ‘मुळ्याच्या वड्या’ असं तिने त्याचं बारसं केलं आणि आमच्या घरात आता तेच नाव चालतं.

चेंडोलच्या वेळी मी तिच्या तोंडाकडेच बघत बसले होते. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, माडाचा काळसर गूळ, खाली राजमा आणि पांदानच्या रसातल्या हिरव्यागार, बोटभर लांब, लिबलिबीत शेवया. पिठाची उकड काढून चाळणीतून गार पाण्यात पाडतात. आईने एक शेवई चमच्यावर घेतली, उजेडाकडे धरली.

‘अगो, हे शिरवाळे.’

ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: मालवणकडे तांदळाच्या उकडीचे गोळे शिजवून, गरम असतानाच साच्यातून पाडतात. साच्याची दांडी दाबायला घरातला सगळ्यात धिप्पाड माणूस लागतो. गूळ, वेलची आणि नारळाचा रस वाटीत घ्यायचा आणि त्यात बुडवून खायचे. माझे मामा त्या साच्यावर अक्षरशः पोट टेकवून उभे राहायचे. मी डोंबिवलीत वाढले, मला मे महिन्यातच शिरवाळे मिळायचे. आणि इथे आल्यापासून मी दर शनिवारी चेंडोल खात होते, एकदाही मामा आठवले नाहीत. हिरवा रंग, बर्फ आणि नाव आडवं आलं असणार. आईला नाव येत नव्हतं, तिला काय आडवं येणार? राजमा मात्र तिने एकेक वेचून बशीच्या कडेला लावला. ‘हे कोणाच्या डोक्यात आलं?’

गुरुवारची अडचण होतीच. सेंटरमध्ये शाकाहारी म्हणून एक गाळा होता, मी तिथे फारशी गेले नव्हते. लांबूनच आईला पाटीवरचं स्वस्तिक दिसलं. ‘आपल्या माणसाचा आहे.’ तो चिनी बौद्ध गाळा होता. इथे कित्येक चिनी शाकाहारी गाळ्यांवर हे चिन्ह असतं. आई जवळ गेल्यावर म्हणाली, ‘उलटं काढलंय.’ त्यांचं डावीकडे वळतं. मी खुणांनी आणि मोडक्या मॅंडरिनमध्ये कांदा-लसणाचं विचारलं, तर गाळ्यावरच्या आंटीने जोरजोरात हात हलवले: नाही, नाही, कांदा नाही, लसूण नाही, पातीसुद्धा नाही. आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच इतकी वर्षं तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. तिथली बी हून, म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, कोबी आणि तळलेली सोयाच्या सायीची गुंडाळी, तिला इतकी आवडली की आंटीने दुसऱ्या खेपेला न विचारता जास्तीची गुंडाळी टाकली. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलायच्या. आई मराठीत म्हणायची ‘मिरची कमी घाल हो’, आणि मिरची कमी यायची.

एका दिवशी तिथे रांग बाहेर मंडईपर्यंत गेलेली. कळलं ते असं की चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरीच माणसं शाकाहार पाळतात, एरवी डुक्कर खाणारीसुद्धा. आईने घरी येऊन कालनिर्णयावर बोट ठेवलं. पौर्णिमा होती. मग तिने पेन्सिलीने पुढच्या सगळ्या पौर्णिमा आणि अमावास्यांना बारीक टिंबं करून ठेवली, कधी एखादा दिवस मागेपुढे होतो हेही नंतर तिनेच शोधून काढलं.

आता रोजाक. हे मी सांगणार नव्हते.

रोजाक म्हणजे मलयमध्ये मिसळ, खिचडी, सगळं एकत्र. फळांचा रोजाक म्हणजे अननस, काकडी, बटाट्यासारखं दिसणारं पण पाणीदार लागणारं एक कंद, तळलेल्या पिठाच्या कांड्या, टोफू, सगळ्याचे तुकडे मोठ्या लाकडी वाडग्यात घालून एका काळ्या दाट रसात घोळवायचे, वरून दाण्याचं कूट. भेळवाल्याचा हात आणि या अंकलचा हात यांत काडीचा फरक नाही, तोच मनगटाचा झटका. गुरुवार होता, बी हूनचा गाळा बंद होता, ऊन मी म्हणत होतं, आणि मी म्हटलं, आई, हे फळांचं आहे.

ती दातकोरणीच्या काडीने अननस उचलून खात होती आणि मी तेह-ओ घेऊन परत येत होते. गाळ्यावर अंकल नवा वाडगा कालवत होते, डब्यातून काळी चकचकीत पेस्ट काढत होते, आणि डब्यावर कोळंबीचं चित्र होतं. शेपटीसकट.

मला ठाऊक होतं. म्हणजे हे ज्ञान माझ्या डोक्यात कुठेतरी होतं, पण ‘फळं’ या शब्दाखाली ते दबून गेलं होतं. मी ग्लास हातात घेऊन तशीच उभी. न सांगता चाललं असतं. तिला कोण सांगणार होतं? अंकल? पण मग रात्री ती देवाला दिवा लावणार आणि मी मागे उभी राहणार.

टेबलाशी जाऊन सांगितलं. तिची काडी हवेत थांबली.

‘म्हणजे कोळंबीचं?’

‘आंबवलेली पेस्ट असते. चिंच पण आहे.’

‘तरीच. मी म्हणतेय, चिंचेला असा वास कुठला?’ तिने वाडग्याकडे पाहिलं, निम्मा उरला होता. मग घड्याळाकडे, का ते मला कळलं नाही. मग म्हणाली, ‘हा गुरुवार धरायचा नाही. उद्या करते.’

आणि उरलेला रोजाक संपवला. कूट बोटाने पुसून घेतलं. घरी येऊन कालनिर्णयावरच्या गुरुवारच्या चौकटीवर बारीक फुली मारली आणि शुक्रवारच्या चौकटीत ‘गुरुवार’ असं लिहिलं. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

पुढच्या बुधवारी तिने स्वतः अंकलना बोट दाखवून रोजाक मागितला, आणि काळ्या डब्याकडे बोट करून ‘आणखी’ असंही सांगितलं.

आई परत जाऊन आता चार महिने झाले. पेयांच्या गाळ्यावरचे अंकल पहिले काही दिवस मी दिसले की ‘तेह हालिया?’ विचारायचे, तो आईचा आल्याचा चहा. मी मान हलवायचे आणि माझी कोपी-सी-सिऊ-दाई सांगायचे. परवा सकाळी सातलाच आईचा फोन आला. मी झोपेत, तिकडे तर पहाटेचे साडेचार. माझा जीव वरखाली.

‘काय झालं?’

‘काही नाही गो. आज पौर्णिमा. त्या उलट्या स्वस्तिकाकडे गर्दी होईल, लवकर जा.’

मला मीटिंग होती. साडेअकराला पोचले. आंटीने रिकामी परात उलटी करून दाखवली, आणि माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं.